मदत हवी आहे: बिबट्याला भूल चढत नाही

सह्यकडा: नर बिबट्या, कमरेला तारेच्या फाशाची जखम. केटामीन-झायलाझिन या भुलीच्या औषधांचा डार्ट (लांबून मारायची सिरिंज) मांडीत नीट बसला. २० मिनिटं झाली तरी मान उचलून गुरगुरतच होता. ड्रेसिंग राहून गेलं. उद्या पहाटे पुन्हा घ्यायचाय. डोस किती वाढवू? लवकर सांगा.

बाभूळ: वजन? पिंजऱ्यात आहे का? औषधाची तीव्रता? डार्ट किती मिलीचा? एवढं कळल्याशिवाय डोस कसा सांगणार?

सह्यकडा: पिंजऱ्यातच आहे हो. ४५ किलो असेल. डार्ट ३ मिली. औषधं दवाखान्यातली नेहमीचीच.

बाभूळ: नेहमीची म्हणजे मिलीला केटामीन ५० आणि झायलाझिन २० मिग्रॅ असणार. घोळ तिथेच आहे. किलोला केटामीन ५ आणि झायलाझिन १.४ मिग्रॅ धरा. ४५ किलोला २२५ आणि ६३ मिग्रॅ झालं. या बाटल्यांतून ते ४.५ अधिक ३.१५, म्हणजे ७.६५ मिली. ३ मिलीच्या डार्टमध्ये निम्मंही मावत नाही. दोन्ही औषधं मिलीला १०० मिग्रॅची आणा, २.८८ मिलीत बसतं. डोस वाढवायची गरजच नाही.

रानवाटा: पिंजऱ्यात डार्ट हवाच कशाला? दाबपिंजऱ्यात घ्या, म्हणजे सरकती फळी जनावराला एका बाजूला दाबून धरते, मग हाताने सिरिंज द्या. पूर्ण औषध आत गेल्याची खात्री असते.

बाभूळ: कमरेला जखम आहे, फळी नेमकी तिथेच दाबणार. शिवाय चवताळलेल्या जनावराला पूर्ण डोसातही भूल नीट चढत नाही. पिंजऱ्यावर गोणपाट टाकून अंधार करा, माणसं हटवा, फुंकनळीने द्या.

रानवाटा: हलकी फळी दोन मिनिटं लावली तर काही होत नाही. फुंकनळीचा डार्ट हाडाला लागला तर पाय जायबंदी होतो, त्याचं काय?

पाणवठा: विहिरीत पडलेल्या बिबट्याला मात्र वरून डार्ट मारू नका, गुंगीत बुडतो. आधी बसायला बाज सोडा, मग पिंजरा.

बाभूळ: हा विहिरीतला नाही. सह्यकडा, आज रात्री मांस देऊ नका. झायलाझिनने मांजरवर्गाला उलटी होते, ती श्वासनलिकेत गेली की संपलंच. उद्या १५ मिनिटं शांतता ठेवा, मग लांब काठीने कान हलवून बघा. कान झटकला तर हात आत घालू नका. केटामीनमध्ये डोळे उघडेच राहतात, मलम घालून पट्टी बांधा. दर ५ मिनिटांनी ताप मोजा. ४० अंश सेल्सिअसच्या वर गेला की जांघा, पोट आणि पंजे भिजवा.

सह्यकडा: १०० ची औषधं मिळाली. ड्रेसिंग १५ मिनिटांत उरकेल. लगेच योहिम्बिनचा उतारा देऊन जागा करू?

रानवाटा: अजिबात नको. योहिम्बिन फक्त झायलाझिन उतरवतं, केटामीनला उतारा नाही. घाई केली तर नुसतं केटामीन अंगात उरतं आणि झटके येतात. केटामीन दिल्यापासून ४० मिनिटं जाऊ द्या, मग किलोला ०.१ मिग्रॅ शिरेतून. झटके आले तर थांबवायला डायझेपाम भरून ठेवा.

बाभूळ: यावर दुमत नाही. पण एक राहिलं. फास कमरेला होता, मग पकडल्यापासून लघवी झाली का? मांजरवर्गात केटामीन बरंचसं मूत्रपिंडावाटे जातं. लघवी अडली असेल तर हा डोस उतरायला फार वेळ लागेल. पिंजऱ्याखालचा पत्रा आत्ता बघून सांगा.