मदत हवी आहे: ७ दिवसांची फ्री ट्रायल आणि स्कॅनचे (ॲपलच्या एसकेॲडनेटवर्कचे) पोस्टबॅक, पैसे भरणारे युजर कुठल्या जाहिरातीतून आले ते कळतच नाहीये

मंडळी, तीन आठवडे यातच अडकलेय, कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

आमचं आयफोनवर भाषा शिकायचं ॲप आहे, टीम म्हणजे आम्ही दोघीच, जाहिरातींचं सगळं माझ्याकडे. २०२१ मध्ये आयओएस १४.५ सोबत ट्रॅकिंगची परवानगी विचारणारा पॉपअप आला, त्यावर जो नाही म्हणतो त्याचा आयडीएफए (जाहिरातींसाठीचा फोनचा ओळख क्रमांक) मिळत नाही, मग उरतं ते ॲपलचं एसकेॲडनेटवर्क, म्हणजेच स्कॅन, जे युजरची ओळख न देता इन्स्टॉल कुठल्या जाहिरातीतून आलं ते कळवतं. व्हर्जन ४ वापरतोय. त्यात तीन पोस्टबॅक, म्हणजे निनावी रिपोर्ट येतात, प्रत्येकाची विंडो म्हणजे काळ ठरलेला, पहिला ० ते २ दिवसांचा, दुसरा ३ ते ७, तिसरा ८ ते ३५. पहिल्यातच काय ती बारीक कन्व्हर्जन व्हॅल्यू (युजरने ॲपमध्ये काय केलं त्याचा आकडा), ० ते ६३, पुढच्या दोघांत फक्त लो, मिडियम, हाय.

आता गोची बघा. आमची ट्रायल ७ दिवसांची, म्हणजे पैसे कापले जातात ते दुसरी विंडो संपते त्याच सुमाराला, आणि कापले गेले तरी व्हॅल्यू बदलायची तर ॲपच्या कोडातूनच, सर्व्हरवरून नाही, म्हणजे युजरने त्या वेळात ॲप उघडलंच नाही तर पैसे आले तरी स्कॅनला पत्ता नाही. पोस्टबॅकची कॉपी आम्ही आमच्या सर्व्हरवर घेतो, काल रात्री एकेक ओळ उघडून बघत बसले, कितीतरी ओळींत इन्स्टॉल आहे, दोन आकडी सोर्स आयडी (कॅम्पेनची खूण) आहे आणि कन्व्हर्जन व्हॅल्यूची जागा रिकामी. सध्या नऊ कॅम्पेन चालू आहेत, त्यातलं कुठलं बंद करू आणि कशाच्या जोरावर? ज्या नेटवर्कवर जाहिराती देतो तिथला माणूस म्हणतो आमच्या डॅशबोर्डवर विश्वास ठेवा, पण तिथला आकडा आणि खात्यात आलेले पैसे यांचा मेळच बसत नाही.

ट्रायल ३ दिवसांची करू का? मन होत नाही, शिकणाऱ्याला आठवडा तरी मिळायलाच हवा.

प्रतिसाद १:
ट्रायलला हात लावू नका, मोजमापासाठी प्रॉडक्ट वाकवायचं नाही. आधी त्या रिकाम्या ओळी. दोन आकडी आयडी आणि व्हॅल्यू गायब म्हणजे तुम्ही सगळ्यात खालच्या टियरमध्ये (इन्स्टॉलच्या संख्येवरून ॲपल लावतं ती पातळी) आहात, इन्स्टॉल कमी पडले की युजर गर्दीत लपवता येत नाही म्हणून ॲपल व्हॅल्यू काढूनच टाकतं, आणि त्या टियरला दुसरा तिसरा पोस्टबॅकही येत नाही. नऊ कॅम्पेनमध्ये बजेट वाटल्यावर हेच होणार. दोन किंवा तीनच ठेवा.

दुसरं, पैशांच्या मागे धावू नका, पहिल्या ४८ तासांत काय दिसतं ते पकडा. ट्रायल घेऊन लगेच ऑटो रिन्यू बंद करणारे खूप असतात (मी स्वतः तेच करतो). स्टोअरकिट २ मध्ये (ॲपमधल्या खरेदीसाठीचं ॲपलचं कोडचं साधन) रिन्यूअल चालू की बंद ते ॲपला कळतं, आणि व्हर्जन ४ मध्ये व्हॅल्यू खालीही आणता येते. म्हणजे ट्रायल सुरू झाली की व्हॅल्यू वर, दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा रिन्यू बंद दिसलं की खाली. त्यात पूर्ण केलेले धडे मिसळा. मग तुमच्याच जुन्या युजरमध्ये बघा, रिन्यू चालू ठेवून धडे केलेल्यांपैकी किती जणांनी शेवटी पैसे भरले, आणि त्या प्रमाणात एकेका व्हॅल्यूला रुपये लावा. हा हिशोब तुमच्या सर्व्हरवरचा, त्याला आयडीएफए लागत नाही.

धागाकर्ती:
अहो, व्हॅल्यू खाली आणता येते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मी आजवर ती चढवतच नेत होते!! खूप खूप आभार. कॅम्पेन आजच एकत्र करते. एकच शंका, निकाल लवकर यावा म्हणून ट्रायल सुरू झाल्या झाल्या विंडो लॉक करतोय, ते ठेवू का?

प्रतिसाद १:
काढा ते. लॉक केलं की व्हॅल्यू तिथेच गोठते, नंतर कुणी रिन्यू बंद केलं तरी बदलता येणार नाही. पूर्ण ४८ तास जाऊ द्या, त्यावर पोस्टबॅक यायला आणखी २४ ते ४८ तास धरा, म्हणजे सोमवारच्या इन्स्टॉलचा निवाडा शुक्रवारच्या आत करू नका.