बीपी नॉर्मल, पण पेशंट बरोबर वाटत नाही. रात्री २ ला डॉक्टरांना उठवायचं का?

नाईटवाली_सांगली:
जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून दीड वर्ष झालं, सांगलीत एका खाजगी हॉस्पिटलला सर्जिकल वॉर्डला आहे. परवाच्या नाईटला पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले एक काका होते, पहिलीच रात्र. १० ला पल्स ८४, बीपी १२४/७६. २ ला बघते तर काका चादर ओढतायत, सारखं पाणी द्या म्हणतायत, हात गार. पल्स ११२, बीपी ११४/९०, सॅच्युरेशन ९७, लघवीच्या पिशवीत चार तासांत जेमतेम ५० एमएल, ड्रेन (पोटात साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) कोरडा. आरएमओ सरांना (हॉस्पिटलचे ड्युटीवरचे डॉक्टर) फोन करून म्हटलं काका बरे वाटत नाहीत, तर म्हणाले बीपी चांगलंय ना, दुखत असेल, पॅरासिटामॉल लाव. लावलं. पण मन काय मानेना. ३ ला परत फोन केला, उचलला नाही, मग सरळ सर्जन सरांनाच लावला. ते आले, पोटात रक्त साचलेलं, ५ ला परत ऑपरेशनला घेतलं. काका आता ठीक आहेत, पण इन्चार्ज सिस्टरनी मला सगळ्यांसमोर झापलं, आरएमओला डावलून वर फोन करायचा नाही म्हणून. माझं चुकलं का?

साताऱ्याची_सिस्टर:
अगं चुकलं बिकलं काही नाही. २२ वर्षं झाली मला, बीपी सगळ्यात शेवटी पडतं. रक्त जायला लागलं की शरीर हातापायाच्या नसा आवळून घेतं आणि पल्स वाढवतं, म्हणून हात गार, लघवी कमी, आणि धडधाकट माणसाचं दीड लिटरपर्यंत रक्त जाईस्तोवर वरचं बीपी टिकून राहू शकतं, मग धाडकन कोसळतं. तुझंच खालचं बीपी बघ की, ७६ चं ९० झालंय, मधलं अंतर ४८ वरून २४ वर आलं. याला मॉनिटरचा अलार्म वाजत नाही. ६० किलोच्या माणसाला लघवी तासाला ३० एमएल तरी पाहिजे, म्हणजे १२० च्या जागी ५०. फक्त मेटोप्रोलॉलसारखी पल्स कमी ठेवणारी बीपीची गोळी चालू असली तर पल्सवर विसंबू नको, ती वाढत नाही पाहिजे तशी. आणि मिनिटाला श्वास किती होता गं? लिहिलाच नाहीस.

नाईटवाली_सांगली:
ताई खरं सांगू का, चार्टवर २० लिहिलं. आधीच्या शिफ्टचं २० होतं तेच ओढलं 😔

साताऱ्याची_सिस्टर:
वाटलंच. अख्ख्या वॉर्डाचा श्वास २०, वर्षानुवर्षं! पूर्ण एक मिनिट मोजायचा, पोटाकडं बघत, पेशंटला न सांगता.

रात्रपाळी_आरएमओ:
मी पलीकडच्या बाजूचा, शिव्या खायला तयार आहे. अर्धवट झोपेत 'बरे वाटत नाहीत' ऐकलं की आम्ही पहिलं बीपीच विचारतो आणि ते बरं असलं की डोळे मिटतो, हे खरंय. तुम्ही असं बोला: 'सर, बेड ७, आज पित्ताशय, पल्स ८४ ची ११२, चार तासांत लघवी ५०, हात गार, मला ब्लीडिंगची शंका आहे, तुम्ही आत्ता येऊन बघा.' एवढं ऐकून झोपणारा माणूस विरळा. ड्रेन कोरडा म्हणून निर्धास्त राहू नका, गुठळीनं नळी चोंदते. आणि फोन किती वाजता केला, काय ऑर्डर मिळाली, नर्सेस नोटमध्ये लगेच लिहा. डावललं कुठं, फोन उचलला नाही ना!

विट्याचा_ब्रदर:
थोडं विषयांतर. ऊसतोडीच्या दिवसात पहाटे एक कामगार पोटात दुखतंय म्हणून आला, बीपी पल्स सगळं ठीक, गॅसचं इंजेक्शन देऊन पाठवायचं चाललेलं. आमच्या सिस्टरना त्याच्या पापण्या जड दिसल्या. विचारलं, रात्री खाली झोपला होता का? तर हो, खोपीत जमिनीवर. मण्यार! चावल्याची खूण नाही, २० मिनिटांची रक्त गोठायची टेस्टपण नॉर्मल, कारण मण्यारीचं विष मज्जातंतूंवर जातं, रक्तावर नाही. सापाची लस चालू करून श्वास बंद पडायच्या आत व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी पोचवला.

नाईटवाली_सांगली:
थँक्यू सगळ्यांना. इन्चार्जना ओळीनं आकडे लिहून दाखवले, काही बोलल्या नाहीत, पण झापलंही नाही. आज परत नाईट आहे. सेकंद काट्याचं घड्याळ बंद पडून सहा महिने झाले होते, येताना सेल टाकून आणलं.