"त्यांनी काय केलं?" याला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: नागपुरात आमच्या वक्तृत्ववर्गात प्रचारसभेतल्या भाषणांची चिरफाड चालू आहे. सिंचनाच्या अनुशेषाचा (विदर्भात मागे राहिलेल्या कामांचा) विषय निघाला की वक्ता हमखास म्हणतो, "त्यांनी इतकी वर्षं काय केलं?" टाळ्या पडतात, विषय संपतो. याला 'वितंडवाद' म्हणावं का?

उत्तर: ताई, जवळपास. रोजच्या मराठीत वितंडवाद म्हणजे नुसती हुज्जत, पण न्यायदर्शनात (जुन्या भारतीय तर्कशास्त्रात) वितंडेला नेमका अर्थ आहे. स्वतःची बाजू मांडायचीच नाही, समोरच्याची तेवढी खोडून काढायची. तुमच्या वक्त्याने तर खोडण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत. अनुशेष आहे, हे त्याने नाकारलंय कुठे?

म्हणून मी 'मतानुज्ञा' म्हणेन. वादात हरल्याच्या ज्या २२ खुणा न्यायसूत्रांत सांगितल्यात (निग्रहस्थानं), त्यांतली ही एक. आपल्यावरचा दोष न खोडता "तो तुमच्यातही आहे" म्हणणं. म्हणजे दोष मान्य केला! टाळ्या पडतात त्याच वाक्यात वक्ता हरलेला असतो. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने अनुशेष आकड्यांत मोजून दाखवला होता, तेव्हा उत्तरही आकड्यांतच द्यायला हवं होतं.

दुसरा वाचक: 'चोराच्या उलट्या बोंबा' का नको?

उत्तर: तिथे चोर दुसऱ्यालाच चोर ठरवतो, स्वतः साव बनतो. इथे दोघंही चोर असू शकतात.

प्रश्न: आणि "आम्ही आलो नि संत्र्याला भाव आला"?

उत्तर: हा काकतालीय न्याय. कावळा बसायला नि फांदी तुटायला. बहर कसा आला, फळगळ किती झाली, बांगलादेशाने आयातशुल्क किती लावलं, यावर संत्र्याचा भाव हलतो. मात्र सरकारने खरंच काही केलं असेल तर ते दाखवू द्या. आधी-नंतर म्हटलं की तर्कदोष झालाच, असं मुलांना शिकवू नका.

आणखी एक. "विदर्भाने अजून किती सोसायचं?" हा प्रश्नच नव्हे, ही काकू. म्हणजे स्वराच्या हेलकाव्याने उलटवलेला अर्थ. छापील भाषणात ती निसटते, मुलांना ध्वनिफीत ऐकवा.

तिसरा वाचक: एवढं संस्कृत कायले भाऊ? आमच्या महालात "विषय फिरवून राह्यला" म्हणतेत.

उत्तर: चालेल की! फक्त यात विषय अनुशेषाचाच राहतो, फिरतं ते बोट.