मदत हवी आहे: अक्रोड खुंटाचे भ्रूण पीसीआरला पॉझिटिव्ह, कोंब मात्र निगेटिव्ह

प्रश्न:
पॅराडॉक्स या संकरित अक्रोड खुंटाच्या कायिक भ्रूणांत (फलनाशिवाय शरीरपेशींतून वाढवलेले भ्रूण) क्राउन गॉल या जीवाणूजन्य गाठरोगाविरुद्ध आरएनएआय रचना (ठरावीक जनुक गप्प करणारी) घालतोय, गाठ वाढवणारी संप्रेरकं बनवणाऱ्या जीवाणूच्या आयएएएम आणि आयपीटी या दोन्ही जनुकांवर. जनुक पेशीत नेणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियम जीवाणूसोबत १०० मायक्रोमोलर ॲसिटोसिरिंगोन (त्याला चेतवणारं रसायन), अंधारात दोन दिवस सहसंवर्धन, मग संप्रेरकांशिवाय डीकेडब्ल्यू हे ऊतिसंवर्धनाचं माध्यम. लिटरला २०० मिग्रॅ कॅनामायसिन (जनुक न शिरलेल्या पेशी मारायला), ५०० मिग्रॅ सेफोटॅक्सिम (जीवाणू मारायला). तगलेल्या भ्रूणांची पीसीआर (डीएनएत जनुक शोधणारी चाचणी) पट्टी ठळक येते, त्यांच्यापासून काढलेल्या कोंबांत ती नसते. बऱ्याच भ्रूणांना तर नुसतं मूळच फुटतं. काय बदलावं?

उत्तर १:
तुम्ही मूळ भ्रूणच तपासताय असं दिसतं. त्याच्या बाहेरच्या थरातल्या थोड्याच पेशींत जनुक जातं. बाकीचा जाड गर कॅनामायसिनवरही बराच काळ पांढरा राहतो. म्हणून तगलेला भ्रूण ही फक्त सुरुवात समजा. त्याच्यावर फुटलेले दुय्यम भ्रूण एकेक सुटे करून पुन्हा त्याच कॅनामायसिनवर ठेवा, प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्या. दुय्यम भ्रूण बहुधा एकाच पेशीतून उगवतो, त्यामुळे अशा दोन-तीन पिढ्यांत मिश्र ऊती गळून पडतात. गुच्छ एकत्र हलवू नका. वरचे भ्रूण माध्यमाला टेकत नाहीत आणि फुकट वाचतात.

उत्तर २:
ती पट्टी उरलेल्या जीवाणूंचीही असू शकते. टी-डीएनएबाहेरच्या (म्हणजे वनस्पतीच्या पेशीत जाणाऱ्या तुकड्याबाहेरच्या) विरजी या जीवाणूच्या जनुकाचा प्रायमर सोबत लावा; तिथेही पट्टी आली तर जीवाणू आहेत. भ्रूण चुरडून प्रतिजैविकाविना एलबीवर (जीवाणू वाढवायचं माध्यम) पसरूनही पाहा. रचनेत गस (निळा रंग देणारं खूणजनुक) असेल तर इंट्रॉनवाला (मध्ये कापून काढावा लागणारा तुकडा असलेला) घ्या, जीवाणूंना त्यातून निळा रंग आणता येत नाही. घातलेल्या जनुकाच्या प्रती मोजायला मात्र सदर्न ब्लॉट ही डीएनए-चाचणी करा.

प्रश्नकर्ता:
विरजीची पट्टी निम्म्या नमुन्यांत आली! आणि कोंबाचं?

उत्तर १:
मग सेफोटॅक्सिम लवकर थांबवू नका. विरजी निगेटिव्ह होईपर्यंत चालू ठेवा. कोंबासाठी पूर्ण वाढलेले, दोन्ही बीजपत्रं नीट असलेले भ्रूणच निवडा. ते बंद डेसिकेटरमध्ये (सुकवण्याचं हवाबंद भांडं) क्षाराच्या संपृक्त द्रावणावर, द्रावणाला स्पर्श न होता, अपारदर्शक पांढरे होईपर्यंत सुकवा आणि मग डीकेडब्ल्यूवर प्रकाशात ठेवा. सुकवणं जमत नसेल तर ४ अंशांवर ८-१० आठवडे थंडी द्या. तरीही काहींना मूळच येईल. अक्रोडात ही नेहमीची अडचण आहे, म्हणून प्रत्येक वंशाचे भरपूर भ्रूण लावा. एक चांगला कोंब मिळाला की लिटरला १ मिग्रॅ बीए आणि ०.०१ मिग्रॅ आयबीए या संप्रेरकांवर तो वाढवता येतो.

आणि गाठीची चाचणी करताना लक्षात ठेवा: ही रचना जीवाणूचा शिरकाव अडवत नाही, फक्त गाठ वाढू देत नाही. त्यामुळे टोचलेल्या जागी जीवाणू सापडले म्हणून वंश टाकून देऊ नका, गाठ मोजा.