साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात ६०० एमएम लेन्स न्यावी का?

पाणकावळा: ऑक्टोबरात झांबियाला चाललोय, सहा जणांचा ग्रुप. ६०० प्राइम (झूम न होणारी लेन्स) नेऊ?

रानभैरी: घरीच ठेवा हो! छोट्या विमानात बहुधा १५ किलोच सामान, तेही मऊ बॅगेत. १००-४०० झूम लेन्स पुरते. पायी फिरताना पुढे बंदूकधारी स्काउट असतो, ट्रायपॉड मांडत बसायला तो थांबत नाही. नदीच्या मातीच्या कड्यात किरमिजी वेडे राघू घरटी करतात, तिथे शटर १/३२०० सेकंद ठेवा. पारा चाळिशी गाठतो. कॅमेऱ्यावर पांढरा पंचा टाका.

चकवा: जीपमध्ये एका रांगेत किती बसवतात ते आधी विचारा. तिघे असले तर मधल्याला फक्त टोप्या दिसतात.

पाणकावळा: आणि लेन्स टेकवायची बीन बॅग?

रानभैरी: रिकामी न्या, तिथे तांदूळ भरा.