मदत हवी आहे: डोमेन वेबसाइटवाल्याच्या नावावर आहे, आमच्याकडे कसं आणायचं?

नमस्कार मंडळी,

कुडाळजवळ आमचा आगळ, कोकम सरबत आणि आमसुलांचा घरचा व्यवसाय आहे. सासूबाईंनी तो उभा केला, मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी मी बघते. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने वेबसाइट करून दिली. डोमेन (साइटचं नाव), होस्टिंग (साइट ठेवायची जागा), मेल सगळ्याचे मिळून तो वर्षाला एकच रक्कम घ्यायचा. आम्ही वेळेवर देत आलो, बिलं जपून ठेवली आहेत. आता ते काम सोडून तो दुसऱ्या शहरात नोकरीला लागलाय. फोन क्वचित उचलतो आणि म्हणतो, "डोमेन ट्रान्सफर होत नसतं. नवीन नाव घ्या, स्वस्तात पडेल."

नवीन नाव आम्हाला चालणारच नाही. हेच नाव प्रत्येक बाटलीच्या लेबलवर आणि खोक्यावर छापलंय. दुकानदारांच्या ऑर्डरी याच नावाच्या मेलवर येतात. उद्या लेबल वाचून कुणी साइटवर गेलं आणि तिथे भलतंच काही उघडलं, तर सासूबाईंनी इतकी वर्षं जोडलेली गिऱ्हाइकं काय समजतील?

आयकॅन, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणारी संस्था, तिच्या लुकअप पानावर (डोमेनची नोंद दाखवणारं पान) पाहिलं. नाव डॉट कॉम आहे, मुदत पुढच्या महिन्यात संपतेय, मालकाची माहिती झाकलेली आहे आणि स्टेटसमध्ये 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' दिसतंय. म्हणजे तो म्हणतो ते खरं आहे का? ट्रान्सफर केलं तर उरलेले दिवस बुडतात का? आणि ट्रान्सफर होईपर्यंत मेल बंद पडणार का? सीझन तोंडावर आहे, कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद १

ताई, तो म्हणतो ते खरं नाही. डॉट कॉम एका रजिस्ट्रारकडून (डोमेन नोंदवणारी कंपनी) दुसऱ्याकडे नेता येतं. तुम्हाला दिसलेलं स्टेटस म्हणजे रजिस्ट्रारने लावलेलं साधं कुलूप. कुणी परस्पर नाव पळवू नये म्हणून बहुतेक डोमेनना ते असतंच, आणि खातेदाराला काढता येतं. मालकाची माहिती झाकलेली असणं हेही २०१८ नंतर नेहमीचंच झालंय.

पण तुमच्या बाबतीत मी आज ट्रान्सफरच्या मागे लागणार नाही. रजिस्ट्रार बदलणं वेगळं आणि मालकाचं नाव बदलणं वेगळं. आधी मालकाचं नाव बदललं तर पुढचे ६० दिवस रजिस्ट्रार बदलण्यावर बंदी येऊ शकते. तुमची मुदत तर त्याआधीच संपतेय. म्हणून त्याचं खातं ज्या रजिस्ट्रारकडे आहे तिथेच स्वतःच्या मेलने खातं उघडा आणि त्याला डोमेन तुमच्या खात्यात ढकलायला सांगा. बहुतेक ठिकाणी ही सोय असते, ऑथ कोड (ट्रान्सफरसाठीचा गुप्त कोड) लागत नाही, काम पटकन होतं. मग मालक म्हणून व्यवसायाचं नाव घाला आणि लगेच रिन्यू करा. तो टाळाटाळ करत असेल तर निदान रिन्यूअलचे पैसे त्याला आजच पाठवा आणि रिन्यू झाल्याचं लुकअपवर स्वतः तपासा.

रजिस्ट्रार पुढे बदलायचाच असेल तर कुलूप काढून ऑथ कोड घ्यायचा. मालकाने मागितल्यावर रजिस्ट्रारने तो ५ दिवसांत द्यायला हवा. कोड नव्या रजिस्ट्रारकडे भरला की डॉट कॉमला साधारण ५ ते ७ दिवस लागतात. उरलेली मुदत बुडत नाही, उलट तिच्यात एक वर्ष वाढतं. मात्र मुदत उलटल्यावर रिन्यू करून ४५ दिवसांच्या आत ट्रान्सफर केलं तर रिन्यू केलेलं वर्ष हातचं जाऊ शकतं. म्हणून रिन्यू मुदतीच्या आतच करा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. मेलचं मी सांगतो, कारण लोक तिथेच फसतात. ट्रान्सफरने मेल आपोआप बंद होत नाही. पण नेमसर्व्हर (डोमेनची साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगणारे सर्व्हर) जुन्या रजिस्ट्रारचे किंवा त्या मुलाच्या होस्टिंगचे असतील तर ते बंद होताच साइट आणि मेल दोन्ही जातात. आत्ताच त्यांच्यावरच्या सगळ्या नोंदी, म्हणजे डीएनएस रेकॉर्ड, विशेषतः एमएक्स (मेल कुठे पोचवायचा ती नोंद), उतरवून घ्या. नवीन ठिकाणी ते आधी भरा, चालतात याची खात्री करा, मग नेमसर्व्हर बदला. जुने मेलही त्याचं होस्टिंग चालू आहे तोवर उतरवून ठेवा.

मुदत संपू देऊन नंतर उचलू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. संपल्यावर काही काळ नेहमीच्या दरात रिन्यू होतं, पण किती दिवस ते रजिस्ट्रारवर. पुढे ३० दिवस जबर दंड, मग ५ दिवसांनी नाव कुणालाही घेता येतं. बरेच रजिस्ट्रार तर त्याआधीच लिलावात काढतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रजिस्ट्रार कोणता ते लुकअपवर सापडलं, खातं उघडलंय. त्या मुलाने साफ नकार दिला तर? बिलं दाखवून रजिस्ट्रार आमचं ऐकेल का?

प्रतिसाद १

नोंद त्याच्या नावावर असेल तर रजिस्ट्रार त्यालाच मालक धरतो. बिलं पाठवा, पण त्यावर विसंबू नका. व्यवसायाच्या नावाचा ट्रेडमार्क असेल तर यूडीआरपी (डोमेनच्या वादांसाठीची लवादासारखी प्रक्रिया) हा मार्ग आहे, पण असे वाद चालवणाऱ्या वायपो या संस्थेकडे एका पंचाची फीच १,५०० डॉलर आहे, वर वकील. त्यामुळे नकार येईपर्यंत भांडण नको. डोमेनचं नाव, तुमच्या खात्याचा मेल आणि नेमकं कुठलं बटण दाबायचं ते लिहून त्याला एकच मेल करा, त्याच्या वेळेचे पैसे देऊ म्हणा. तो नोकरीत गुंतलाय, त्याला हे किचकट वाटत असणार. डॉट इन मोकळं असेल तर तेही आज स्वतःच्या नावावर घेऊन ठेवा. त्या मेलचा मसुदा इथे टाका, मी बघून देतो.