लेन्स्टरच्या पोथीचं श्रेय बिशप फिनला द्यायचं की नाही?

बोरू:
बाराव्या शतकातल्या आयर्लंडची एक जाडजूड पोथी आहे, बुक ऑफ लेन्स्टर (लेन्स्टर हा आयर्लंडच्या पूर्वेकडचा प्रांत). वासराच्या कातड्यावर लिहिलेली, आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. राजांच्या याद्या, वंशावळी, गावांच्या नावांमागच्या कथा, लढाया, काय वाट्टेल ते आहे तिच्यात. तिचा विषय निघाला की सगळे एड मॅक क्रिमथानचं नाव घेतात. टेरीग्लास मठाचा हा गादीवारस. पोथीत त्याच्या नावाने नोंदच आहे, की एडने हे पुस्तक लिहिलं आणि पुष्कळ पुस्तकांतून गोळा केलं. त्याबद्दल वाद नाही.

पण किल्डेअरच्या बिशप फिनला त्याचं माप मिळत नाही असं माझं मत. (हा फिन म्हणजे ११६० साली वारलेला फिन मॅक गोरमान, असं साधारणपणे धरतात.) पुरावा पोथीतच आहे. एका लढाईच्या कथेच्या पानावर, खालच्या समासात, त्याचं एडला लिहिलेलं पत्र आहे. आधी लांबलचक मायना: दक्षिणेच्या श्रेष्ठ राजाचा अध्यापक, लेन्स्टरचा सर्वांत मोठा इतिहासकार वगैरे. मग मुद्दा: या छोट्या कथेचा शेवट मला नीट लिहून दे. तू कायम आमच्यापाशी असावंस. आणि जाता जाता, मॅक लोनानचं कवितांचं पुस्तक पाठव, त्यातल्या कवितांचे अर्थ लावायचेत.

फ्लान मॅक लोनान हा नवव्या शतकातला कवी. म्हणजे एक बिशप दोन-अडीचशे वर्षं जुन्या कवितांशी झटापट करतोय. स्तोत्रं मागत नाही, संतचरित्रं मागत नाही. मला हा खरा आश्रय वाटतो. पैसा देणारे मिळतात, पण लिहिणाऱ्याच्या मागे "पुढचं कधी देतोस" असा लकडा लावणारा जाणता वाचक मिळणं कठीण.

गोधन:
पुस्तक उसनं मागणाऱ्याला आश्रयदाता म्हणायचं असेल, तर माझ्या कपाटाला डझनभर आश्रयदाते आहेत, आणि त्यातल्या एकानेही पुस्तक परत केलेलं नाही. मॅक लोनानचं ते पुस्तकही आज उपलब्ध नाही, तेव्हा काय ते समजा.

कातडी कुणी पुरवली ते बोला. एवढी पोथी म्हणजे वासरांचा कळपच्या कळप. तुमच्याच पत्राच्या मायन्यात एडला राजाचा अध्यापक म्हटलंय. तो राजा म्हणजे लेन्स्टरचा डर्मट मॅकमरो, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ११६६ साली डर्मटला देशाबाहेर हाकललं, तेव्हा याच पोथीत एक नोंद आली: हे मेरी, केवढी मोठी गोष्ट आज आयर्लंडमध्ये घडली! आणि शेवटी, अरेरे, हे प्रभू, आता मी काय करू? बिशपबद्दल असं कुणी लिहिलंय का?

उंबरठा:
गोधन, त्याच डर्मटने ११३२ मध्ये किल्डेअरवर हल्ला चढवून तिथल्या मठाधिपती स्त्रीवर बलात्कार करवला आणि तिच्या जागी आपल्या घराण्यातली बाई बसवली. फिन त्याच किल्डेअरचा बिशप झाला. हे सांगितल्याशिवाय डर्मटचे गोडवे गाऊ नका.

गोधन:
आश्रयदाता होता म्हटलं, सज्जन होता असं कुठे म्हटलं?

तळटीप:
दोघंही व्यक्तींवर भांडताय. फिनच्या पिढीतल्या बिशपांनी चर्चची सगळी घडी बदलली. ११५२ च्या केल्सच्या धर्मसभेत बिशपांचे प्रांत पक्के झाले. ११६२ मध्ये क्लेनला सव्वीस बिशप जमले आणि ठरलं की आयरिश चर्चचं मुख्य पीठ असलेल्या आर्मामध्ये शिकलेला नसेल त्याला आयर्लंडच्या कुठल्याही चर्चमध्ये अध्यापक होता येणार नाही. आर्माचा तेव्हाचा मुख्य अध्यापक फ्लान ओ'गोरमान एकवीस वर्षं फ्रँक आणि सॅक्सन लोकांत, म्हणजे फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये, शिकून आलेला. म्हणजे वारं कुठून वाहत होतं बघा. टेरीग्लाससारख्या जुन्या मठांची विद्या या घडीत बसेना, आणि पुढे आयरिश पोथ्यांचं काम मठांतून निघून वंशपरंपरागत विद्वान घराण्यांकडे गेलं. खुद्द फिन काही काळ न्यूरीच्या सिस्टर्शियन, म्हणजे युरोपातून आलेल्या नव्या पंथाच्या, भिक्षूंचा प्रमुख होता, म्हणजे सुधारकांच्याच पंगतीतला. वाचक म्हणून गोड माणूस, पण ज्या लाटेने एडसारखे लोक संपले तिच्यावर तोही स्वार होता.

बोरू:
क्लेनची सभा फिन गेल्यावर दोन वर्षांनी झाली. ते पाप त्याच्या खात्यावर नको. आणि सुधारक असूनही जुन्या कविता मागत होता, हाच तर माझा मुद्दा.

कारकून:
मी दोन्ही बाजूंना नाही. याच पोथीत टॉइन आहे, म्हणजे बैलासाठी झालेल्या युद्धाची आयर्लंडची सर्वांत प्रसिद्ध कथा. ती संपल्यावर आयरिशमध्ये एक ओळ येते: जो कुणी हे असंच, काही न बदलता मुखोद्गत करील त्याला आशीर्वाद. लगेच खाली लॅटिनमध्ये उलटा सूर. लिहिणारा म्हणतो की हा इतिहास, नव्हे कल्पित कथा, मी लिहिली खरी, पण यातल्या बऱ्याच गोष्टींवर माझा विश्वास नाही. काही सैतानाच्या करामती, काही कवींच्या कल्पना, काही संभाव्य, काही नाही, काही मूर्खांच्या करमणुकीसाठी. विश्वास नसताना माणूस अख्खी कथा उतरवून काढतो! तारा या आयरिश राजांच्या जुन्या राजपीठातल्या मेजवानीच्या दालनाचा नकाशाही आहे पोथीत, कुणी कुठे बसायचं आणि कुणाच्या वाट्याला मांसाचा कोणता तुकडा, सगळं चौकटीत मांडलेलं. हे काम ना राजाने केलं, ना बिशपने. आणि पोथीत हस्ताक्षरं एकाहून जास्त आहेत, तेव्हा एकट्या एडलाही सगळं श्रेय देऊ नका.

बोरू:
पत्र स्वतंत्र चिठ्ठीवर नाही, पोथीच्याच पानावर आहे, हे कुणी लक्षात घेत नाहीये. म्हणजे ती पानं बांधणी होण्याआधी सुटी फिरत असणार आणि फिनच्या हातात आली असणार. अर्धी कथा वाचून तो शेवट मागतोय. पोथी घडत असताना तिच्यात हात असलेला माणूस आहे हा.

गोधन:
मग त्याला पहिला वाचक म्हणा, संपादक म्हणा, मी हरकत घेणार नाही. आश्रयदाता मात्र कातडी देणारा. बिशपने एक तरी वासरू दिल्याची नोंद दाखवा, मग बोलू.